जुनोची दुसरी तार

परभणीला मामांच्या घरी, माळ्यावर, आजीच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेला एक रोलंड जुनो-१०६ कित्येक वर्षे पडून होता. १९८४ साली बाजारात आलेला हा जपानी सिंथेसायझर मामांनी १९९० मध्ये मुंबईच्या एका स्टुडिओवादकाकडून वापरलेला विकत घेतला. मनमाडला मोठ्या लाइनच्या गाडीतून उतरून छोट्या लाइनच्या गाडीत चढताना तो हमालाला न देता त्यांनी स्वतःच्या डोक्यावर वाहून नेला, ही हकीकत आमच्या घरात अजून सांगितली जाते. किंमत दोन दुभत्या म्हशींइतकी होती, असे आजी म्हणत असे आणि तिच्या सुरात हळहळ म्हशींबद्दलची असे. गावाच्या लेखी तो ‘मोठा कॅसिओ’ होता, कारण आमच्याकडे पट्ट्या असलेले आणि विजेवर चालणारे कोणतेही वाद्य कॅसिओच असते. त्याचे नाव जुनो आहे असे सांगितले, तर ‘मग नवा का नाही घेतला?’ असा प्रश्न हमखास येई.

खरे तर दोन म्हशींच्या मोलानेही तो स्वस्तातच मिळाला होता. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला, १९८७ मध्ये खुद्द रोलंडचा डी-५० आणि १९८८ मध्ये कॉर्गचा एम-१ आला. पियानो, घंटा, व्हायोलिनचा ताफा असे स्वच्छ, काचेसारखे डिजिटल आवाज या यंत्रांतून एका बटणावर मिळू लागले आणि ॲनालॉग यंत्रे एकाएकी म्हातारी ठरली. ज्यांच्या हुबेहूब प्रतिकृती तयार करण्यासाठी आज अभियंते वर्षानुवर्षे खपतात, ती यंत्रे तेव्हा वादक अडगळ म्हणून काढून टाकत होते. त्या अडगळीतला एखादा नग आमच्या बाजूला येऊन पोचे.

या वाद्याची सॉफ्टवेअरमधली प्रतिकृती दोन वर्षांपूर्वी मी लॅपटॉपवर घेतली. तेव्हापासून माझ्या आठवणीतला जुनो आणि प्रत्यक्षातला जुनो यांचा हिशोब जुळेनासा झाला आहे. हा लेख त्या हिशोबाविषयी आहे.

आधी यंत्राविषयी थोडे. ॲनालॉग सिंथेसायझरमध्ये सूर म्हणजे प्रत्यक्ष विजेचा वरखाली होणारा दाब असतो. ऑसिलेटर नावाचे मंडल तो दाब सेकंदाला शेकडो वेळा हलवते, फिल्टर त्यातला तीक्ष्ण भाग कापून आवाज मऊ करतो आणि तो आवाज कसा उगवावा व कसा मावळावा हे एन्व्हलप ठरवतो. अडचण अशी की तापलेले मंडल थंड मंडलासारखे वागत नाही. १९७० च्या मिनीमूगमध्ये असे तीन ऑसिलेटर होते आणि तापमान बदलले की ते सुरातून सरकत, त्यामुळे वादक आधी यंत्र तापू देत आणि मग सूर लावत. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जाणाऱ्या परभणीत, मंडपाच्या पत्र्याखाली, त्या यंत्राचे काय झाले असते याची कल्पनाच केलेली बरी. जुनोमध्ये रोलंडने लहर ॲनालॉगच ठेवली, पण तिचा ठोका डिजिटल घड्याळाला बांधून टाकला. त्यामुळे सूर जागचा हलत नसे. जाणकार मंडळी आजही याच गुणाला नावे ठेवतात. सूर डगमगत नाही म्हणून आवाजात जीव नाही, असे त्यांचे म्हणणे असते. ज्याने भर उन्हात, शेवटची पंगत उठेपर्यंत, गायिकेला काळी पाचमध्ये साथ केली आहे, त्याला मात्र न डगमगणाऱ्या सुराची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

जुनोच्या प्रत्येक आवाजाला एकच ऑसिलेटर असल्यामुळे त्याचा मूळ स्वर तसा पातळ आहे. तो दाट होतो तो कोरसच्या दोन बटणांमुळे. या कोरसच्या चिपमध्ये २५६ कप्प्यांची एक साखळी असते आणि विजेचा भार एका कप्प्यातून पुढच्या कप्प्यात सरकत सरकत थोडा उशिराने बाहेर पडतो. इंग्रजीत या रचनेला ‘बकेट ब्रिगेड’ म्हणतात, म्हणजे बादल्या हातोहात पुढे देणाऱ्या माणसांची रांग. टँकर आल्यावर गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत घागरी कशा सरकतात हे ज्याने पाहिले आहे, त्या मराठवाड्यातल्या माणसाला हे मंडल समजावून सांगण्याची गरज पडत नाही. घागर हातोहात जाताना थोडे पाणी सांडते, तसा या साखळीतून जाताना सुरात थोडा सुस्कारा मिसळतो, आणि कोरसचे बटण दाबताच तो ऐकू येतो. अशा साखळ्या दोन असतात, एक डाव्या बाजूची आणि एक उजव्या बाजूची. एकीतला उशीर वाढतो तेव्हा दुसरीतला घटतो आणि त्या फरकामुळे आवाज दोन कानांच्या मध्ये पसरत जातो. माझा हिशोब चुकला तो या दोन बाजूंपाशीच.

मामांच्या ऑर्केस्ट्राला तुराबुल हकच्या उरुसात, सेलू-जिंतूर-गंगाखेडच्या लग्नांत आणि गणपतीच्या दहा दिवसांत सुपाऱ्या असत. शाळेच्या सुट्टीत तारा गुंडाळणे आणि ट्रान्सफॉर्मर सांभाळणे हे माझे काम होते. मामांचा नग जपानच्या बाजारासाठी बनवलेला, म्हणजे १०० व्होल्टचा होता, त्यामुळे वीज उतरवून देणारा तो जड ट्रान्सफॉर्मर वाद्याबरोबर गावोगाव फिरे. भारनियमनाच्या वेळेत जनरेटर लावला की वाद्यात बारीक गुणगुण येई आणि मामा ती कोरसच्या सुस्काऱ्याखाली झाकून टाकत.

१९९८ च्या लग्नसराईत जुनोचा एक आवाज गेला. या वाद्यात एका वेळी सहा सूर वाजू शकतात आणि त्या सहा सुरांसाठी आत सहा वेगवेगळ्या चिपा असतात. दाबलेली प्रत्येक पट्टी पाळीपाळीने पुढच्या चिपकडे जाते. त्यातली एक चिप मुकी झाली की पाच सूर वाजतात आणि सहावा वाजत नाही. तो सहावा सूर गाण्यात कुठे येईल याचाही नेम नसतो, कारण पाळी कोणाची आहे हे आधी किती पट्ट्या दाबल्या गेल्या त्यावर ठरते. मुखड्यातला नेमका सम गाठणारा सूर गायब झाला की गायिका वळून पाही.

मामांनी यावर काढलेला उपाय मी दुसऱ्या कोणत्याही वादकाकडून ऐकलेला नाही. कार्यक्रम सुरू होण्याआधी ते आवाज बारीक करून एकेक पट्टी दाबत, मुकी पाळी कोणाची ते शोधत, ती पाळी सर्वांत डावीकडच्या पट्टीवर येईल असे मोजून घेत आणि ती पट्टी दाबलेली असतानाच तिच्या फटीत काडेपेटीचे दुमडलेले टोपण खोचून देत. पट्टी दाबलेली राहिल्यामुळे मुकी चिप तिथेच अडकून पडे आणि उरलेल्या पाच आपापसांत पाळ्या वाटून घेत. ‘सहा लेकरांतलं एक रुसून बसलंय,’ मामा म्हणत, ‘त्याला कोपऱ्यात बसवलंय, बाकीचे पाच गातेत बरोबर.’ पुढची सात वर्षे तो ऑर्केस्ट्रा काडेपेटीवर चालला.

या बिघाडाचे कारण मला फार पुढे कळले. या चिपांवर काळ्या रेझिनचा लेप असतो. वर्षे उलटली की तो लेपच किंचित वीज वाहू लागतो आणि आतले मंडल बिघडवतो. जगभरातल्या जुनो-१०६ चे हेच दुखणे आहे. परभणीची धूळ, उन्हाळा किंवा जनरेटर यांचा त्यात काही दोष नव्हता. इतकी वर्षे मी उगाच महावितरणच्या पूर्वजांना शिव्या देत होतो.

आता सॉफ्टवेअरकडे येतो. स्वीडनच्या प्रॉपेलरहेड कंपनीचे ‘रीबर्थ’ हे अशा प्रयत्नांतले आरंभीचे गाजलेले नाव होते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या या सॉफ्टवेअरने रोलंडची टीबी-३०३ (बाससाठी) आणि टीआर-८०८ (ठेक्यासाठी) ही दोन यंत्रे संगणकाच्या पडद्यावर आणून ठेवली. पुढे त्याची आयपॅडवरची आवृत्ती निघाली आणि रोलंडच्या हरकतीमुळे २०१७ मध्ये ती मागे घ्यावी लागली. दरम्यान १९९९ मध्ये स्टाइनबर्गने संगणकातच वाद्य जोडण्याची सोय खुली केली आणि प्रतिकृतींचा पूर आला. ग्रेनोबलच्या आर्टुरियाने २००३ मध्ये मूगच्या मॉड्युलर यंत्राची प्रतिकृती काढली तेव्हा खुद्द रॉबर्ट मूग यांची तिला संमती होती.

बाहेरून सोपे दिसत असले, तरी हे काम सोपे नाही. संगणक आवाज तुकड्यांत मोजतो, साधारणपणे सेकंदाला ४४,१०० तुकडे. करवतीच्या दात्यासारखी टोकदार लहर या तुकड्यांत बसवायला गेले की न मावणारे वरचे स्वर दुमडून खाली येतात आणि सुराबाहेरचा कर्कशपणा निर्माण करतात. फिल्टरचे दुखणे आणखी खोल आहे. ॲनालॉग फिल्टरमध्ये बाहेर पडणारा आवाज त्याच क्षणी आत परत फिरवलेला असतो, पण संगणकाला आधीचा तुकडा हाती आल्याशिवाय पुढचा काढता येत नाही, म्हणून त्या परतफेऱ्यात एका तुकड्याचा उशीर शिरतो. ऐकताना तो उशीर कळत नाही, पण रेझोनन्स, म्हणजे हाच परतफेरा, वाढवून फिल्टर शिट्टी मारू लागला की कानाला खोट जाणवते. २०११ मध्ये बर्लिनच्या यू-ही कंपनीच्या ‘दिवा’ या सॉफ्टवेअरने प्रत्येक तुकड्यासाठी ती समीकरणे पुन्हापुन्हा सोडवून हा उशीर काढून टाकला आणि त्या बदल्यात भल्याभल्या संगणकांना धाप लावली. आता प्रतिकृतींची मजल इतकी पुढे गेली आहे की कोरसचा सुस्कारासुद्धा मुद्दाम घातलेला असतो आणि तो कमीजास्त करता येतो. मामा जो सुस्कारा जनरेटरची गुणगुण झाकायला वापरत, तो आज पैसे घेऊन दिला जातो, याची मला गंमत वाटते.

मी घेतलेली प्रतिकृती पहिल्यांदा ऐकली ती छत्रपती संभाजीनगरच्या माझ्या घरी, रात्री, हेडफोन लावून. मामांचा नेहमीचा व्हायोलिनचा ताफा जमवायला घेतला. करवतीची लहर, फिल्टर अर्ध्याच्या किंचित वर, आवाज सावकाश मावळेल असा एन्व्हलप आणि कोरसचे पहिले बटण. पट्ट्या दाबल्या आणि आवाज डोक्याच्या दोन्ही बाजूंनी उघडत गेला, दिवाणखान्याची दारे कोणीतरी आतून उघडावीत तसा. आवाज अप्रतिम होता, पण तो मामांचा नव्हता. माझा पहिला निष्कर्ष असा निघाला की प्रतिकृती चुकलेली आहे, खऱ्या वाद्यात इतका पसारा नव्हता, कोणीतरी विक्रीसाठी आवाज सजवला आहे.

चूक कोणाची आहे हे कळायला मला आठवडा लागला. मामांच्या जुनोला नेहमी एकच तार लावलेली असे. वाद्याच्या मागे डावी आणि उजवी अशा दोन जागा आहेत, पण साउंडवाल्याच्या मिक्सरवर कीबोर्डसाठी एकच चॅनल मोकळा असे. गायिका, गायक, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि निवेदकाचा माइक यांतून एवढेच उरत असे आणि मिक्सरच्या पुढे सारे काही एकाच ॲम्प्लिफायरमधून भोंग्यांकडे जाई. कोरसच्या दोन साखळ्या एकाच तारेत कोंबल्या की पसारा नाहीसा होतो आणि उरते ते पाण्यावर हलणाऱ्या प्रतिबिंबासारखे एक डुलणे. तेच डुलणे मी जुनोचा आवाज म्हणून पंधरा वर्षे मनात धरून ठेवले होते. रोलंडच्या अभियंत्यांनी बनवलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो नकलेत. अस्सल वाद्य तर आमच्या मांडीवर होते.

मग मी उलट्या दिशेने गेलो. सॉफ्टवेअरचा आवाज एका बाजूला गोळा केला. जुना बाजारातून आणलेला ॲल्युमिनियमचा भोंगा एका साध्या ॲम्प्लिफायरला जोडला आणि गच्चीवर ठेवून वाजवला. अशा भोंग्यातून साधारण ३०० हर्ट्झच्या खालचे फारसे काही बाहेर पडत नाही, म्हणजे ज्या खर्जाची ‘ऊब’ वर्णन करताना ॲनालॉगप्रेमी हळवे होतात ती ऊब भोंग्याच्या तोंडाशीच संपते. आवाज समोरच्या इमारतीवर आपटून परत आला, आणि हाच तो, असे मला क्षणात वाटले. शेजारच्या काकूंनाही तसेच वाटले असावे, कारण त्यांनी खिडकीतून ‘कोणाचं लग्न आहे?’ असे विचारले. कोणत्या सॉफ्टवेअरचा फिल्टर मूळ चिपच्या किती जवळ जातो यावर मी ज्या रात्री घालवल्या होत्या, त्यांचा माझ्या आठवणीशी संबंध फार थोडा निघाला. माझी आठवण भोंग्याची होती.

आमच्या भागातल्या बहुतेकांची ॲनालॉगविषयीची ओढ अशीच परक्याच्या अंगणातून आलेली आहे, असे मला आता वाटते. मूगचे यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच आले होते. मुंबईत चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीबी-३०३, टीआर-८०८ आणि रोलंडचाच ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. बास गिटारवादकाच्या जागी वाजावे म्हणून बनवलेल्या ३०३ मध्ये एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाण्याची सोय होती, तिच्यात त्यांना मींड सापडली. २०१० मध्ये ती ध्वनिमुद्रिका पुन्हा निघाली तेव्हा जगाला तिचे नवल वाटले. परभणी, हिंगोली, बीडपर्यंत यातले काहीही येऊन पोचले नव्हते. आज नांदेडचा एखादा मुलगा मिरवणुकीसाठी ट्रॅक बनवताना ३०३ ची प्रतिकृती उघडतो, तेव्हा तो गमावलेले काही परत मिळवत नसतो. त्याच्या दारात ती वस्तू पहिल्यांदाच येत असते. त्याने ‘खरे’ यंत्र ऐकलेले नाही म्हणून त्याला कमी लेखणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत.

आणि नकलेचे म्हणाल, तर आमच्या वरातींइतका तिचा सन्मान कोणी केला असेल? १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली जी धून ऐकताच तोंडात रुमाल धरून माणसे अजूनही रस्त्यावर लोळतात, ती पुंगीवर वाजलेली नाही. कल्याणजींनी ती क्लॅव्हियोलिनवर वाजवली, आणि क्लॅव्हियोलिन म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारे, चाळीसच्या दशकात फ्रान्समध्ये तयार झालेले विजेचे वाद्य. मामा तीच धून जुनोवर पल्स (चौकोनी) लहरीची रुंदी अगदी कमी करून वाजवत, कारण अरुंद पल्सचा आवाज नाकात बोलल्यासारखा, पुंगीसारखा येतो. बेंजो पार्ट्या ती बेंजोवर वाजवतात. पुंगीची नक्कल, नकलेची नक्कल आणि आता तिची सॉफ्टवेअरमधली नक्कल, एवढ्या पिढ्या झाल्या तरी वरातीतल्या कोणीही थांबून मूळ पुंगी मागितलेली नाही.

गेल्या दिवाळीत मी माळ्यावरचे गाठोडे खाली काढले. तोपर्यंत मुकी लेकरे तीन झाली होती. सहाही चिपा काळजीपूर्वक काढल्या, काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये दोन दिवस बुडवून ठेवल्या, मऊ पडलेला लेप खरवडला आणि चिपा पुन्हा बसवल्या. तीनपैकी दोन बोलू लागल्या, एक मुकीच राहिली. तिच्या जागी बसणाऱ्या नव्या चिपा परदेशातले काही कारागीर आता बनवतात, पण मामांनी त्या मागवू दिल्या नाहीत. मी विचारले तर म्हणाले, ‘काडेपेटी आहे की घरात.’

तेव्हा मी लॅपटॉप उघडला आणि हेडफोन त्यांच्या कानांना लावून तोच व्हायोलिनचा ताफा वाजवायला दिला. मामा आता बहात्तर वर्षांचे आहेत आणि त्यांचा उजवा कान जरा मंद आहे. दोन-चार सूर वाजवून ते थांबले, एका बाजूचा हेडफोन उचलून पाहिला, परत लावला, दुसऱ्या बाजूचा उचलून पाहिला. ‘हे दोन्हीकडं येगळं वाजायलंय,’ ते म्हणाले. मी त्यांना दोन साखळ्यांची गोष्ट सांगितली, जुनो उलटा करून मागची दुसरी जागा दाखवली. त्या जागेत इतक्या वर्षांची धूळ घट्ट बसली होती. त्यांनी ती आगपेटीच्या काडीने स्वतः कोरून काढली आणि माझ्याकडे दुसरी तार मागितली. घरात तार एकच होती. दुकाने भाऊबीजेनंतर उघडणार होती, म्हणून त्या संध्याकाळी त्यांनी आहे ती एकच तार आधी डावीकडे आणि मग उजवीकडे लावून, तेच गाणे दोनदा वाजवले.